रडण्यात घेतलेलं नाव

लालीबाई,

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच. तेव्हा पत्र तुझ्या नावाचं असलं तरी वाचणार दुसरेच. म्हणून तुला पाठ असलेल्या गोष्टीही मी पुन्हा सांगणार. तू समोर असतीस तर दुसऱ्याच वाक्याला म्हणाली असतीस, "बाई, लवकर आटपा, मी दाळ ठेऊन आली चुलीवर." आटपते.

तुझ्या शोकसभेला यवतमाळात बरेच जण बोलले. एकाने तुला 'राष्ट्राच्या अश्रूंचा आवाज' म्हटलं. एकाने 'वनवासी कोकिळा' म्हटलं, आणि तुम्ही गोर बंजारा लोक वनवासी नाही एवढंही त्याला ठाऊक नव्हतं. मी मागच्या रांगेत बसले होते. मला बोलायला सांगितलं तेव्हा गुडघे दुखतात म्हणून नाही म्हटलं. गुडघे दुखतात हे खरं आहे. ते कारण नव्हतं.

आधी तुमच्या रडण्याबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तुमच्यात बाई रडते ती गाऊन. दोघी एकमेकींच्या गळ्यात हात टाकतात, कपाळ खांद्यावर टेकवतात आणि सुरात रडतात. एकीची ओळ संपली की दुसरी उचलते. लेक सासरी निघाली, बहीण वर्षाने माहेरी आली, घरात कोणी गेलं, सगळ्याला हेच. एकटीने रडायचं नाही. आणि मयताचं रडणं असेल तर मेलेल्याचं नाव ओळीत आलंच पाहिजे. बिननावाचं रडणं पोचत नाही म्हणतात. एरवी सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव न घेणारी सून रडताना ते मोकळेपणी घेते. रडण्यात दोष नाही, असं तुझी सासू मला सांगायची.

कळंबजवळच्या तुमच्या तांड्यात तुझ्याइतकं चांगलं कोणी रडत नव्हतं. एक सोडून. तुझी नणंद माणीबाई. ती नेरकडच्या तांड्यात दिलेली. ती माहेरी आली की तुम्ही दोघी अंगणात अर्धा अर्धा तास गळ्यात गळा घालून उभ्या राहायच्या, आणि तुझा नवरा रामधन, तेव्हा होता तो, बाजेवरून ओरडायचा, "अवं, कोणी मेलं का जेवायले वाढता?" मग तुम्ही दोघी डोळे पुसून त्याला अशा शिव्या द्यायच्या की मी त्या वहीत लिहून घेतल्या होत्या. विद्यापीठाला पाठवल्या नाहीत.

परदेशच्या पथकात तुझं नाव घालणारी मीच. अर्ज मी भरला, 'कलाकाराचा परिचय' मी लिहिला. त्या डोंगराळ देशाशी आपलं कसल्याशा रस्त्यावरून वाजलं होतं, आठ महिने बोलणी बंद होती. मग दोन्हीकडच्या शहाण्यांनी ठरवलं, आधी नाचगाणी पाठवू, माणसं मागून बोलतील. तुम्हा आठ बायांना होळीचं लेंगी नृत्य करायला नेलं. ढोलकीवर कळंबचा नौशाद, ज्याचं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. तू विमानात चप्पल काढून पाय वर घेऊन बसलीस, हे मला त्यानेच सांगितलं.

तुम्ही पोचलात आणि दुसऱ्या दिवशी तिथे भूकंप झाला. एक शाळा पोरांसकट बसली. उत्सवाची शोकसभा झाली. पथकाच्या साहेबांनी तुला विचारलं, "बाई, काही शांत म्हणता येईल का? दोन मिनिटांचं?"

तू विचारलंस, "कोण मेलं?"

साहेब म्हणाले, "पुष्कळ मुलं. मंत्र्यांची पुतणीही. तिची आजी पुढच्या रांगेत बसली आहे."

"पोरीचं नाव काय?"

"नाव-बिव विचारू नका. ते बरं दिसत नाही."

हे तू मला नंतर इतक्यांदा सांगितलंस की मला तोंडपाठ झालं. बरं दिसत नाही! मेलेल्या पोरीचं नाव विचारणं बरं दिसत नाही, आणि तिच्यासाठी गाणं बरं दिसतं. मी तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, असल्या साहेबांना पास केल्याचं प्रायश्चित्त मला अजून मिळायचं आहे.

पुढचं मी व्हिडिओत पाहिलं. तू माइकसमोर उभी राहतेस. मग घागऱ्यासारख्या फेटियाचा घेर सावरत स्टेजच्या पायऱ्या उतरतेस. एक शिपाई अडवायला पुढे येतो, तू त्याचा हात बाजूला करतेस, एखाद्या पोराचा करावा तसा. पुढच्या रांगेत काळ्या शालीतली म्हातारी. तू तिच्या गळ्यात हात टाकतेस, कपाळ तिच्या खांद्यावर ठेवतेस आणि सुरू करतेस. म्हातारी आधी ताठ. दुसऱ्या ओळीला तिचे हात वर येतात. तिसऱ्या ओळीला ती तिच्या भाषेत रडते, आणि काय रडते, लालीबाई! तुझी ओळ संपते तिथूनच उचलते. कोणी शिकवलं तिला? सगळा हॉल उभा राहतो. तो मंत्री डोळ्यांना रुमाल लावून आपल्या राजदूताकडे जातो आणि त्याला मिठी मारतो.

दुसऱ्या दिवशी बोलणी सुरू झाली. साहेब तुला म्हणाले, "जे आमच्याने आठ महिन्यांत झालं नाही ते तुम्ही चार मिनिटांत केलं." तू म्हणालीस, "दोनच सांगतले होते ना तुमी." साहेबांना ते कळलं नाही.

पण रडण्यात नाव लागतं, आणि तुझ्याजवळ नाव नव्हतं. म्हणून सासूकडून आलेलं रडणं तू जसंच्या तसं म्हटलंस. त्यात अशी ओळ होती, तुमच्या बोलीतली, मी मराठीत सांगते: बैल तहानलेले उभे आहेत बादल, तू कोणत्या वाटेने गेलास.

बादल म्हणजे माणीबाईचा आजा. रामधनचाही. लमाणी बैलांवर मीठ वाहिलेला शेवटचा माणूस. आणि बादल म्हणजे माणीबाईचा एकुलता एक मुलगाही, आज्याचं नाव ठेवलेला, हैदराबाद रोडवर ट्रक चालवणारा, चाळिशीचा, चांगला जिवंत.

तू मला म्हणालीस, "बाई, इतक्या दूर कोण आयकते? मनात म्हटलं, आजा काही रागवणार नाही."

नौशादने व्हिडिओ मला पाठवला. मी तो तांड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'आपल्या लालीबाईंनी दोन देश जोडले.' माझ्या अकलेची ही कमाई. तुमची बोली मला समजते. ओळ मी ऐकली होती. त्यात माणीबाईच्या पोराचं नाव आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शिकलेल्या माणसाला गाण्यात फक्त गाणं ऐकू येतं.

माणीबाईच्या सुनेने तिला फोनवर ते लावून दाखवलं. माणीबाईने एकदा ऐकलं आणि फोन पालथा ठेवला. बादलने मात्र तुला हसत फोन केला. तू स्पीकरवर घेतला होतास, मी शेजारी होते.

"काय मामी, जितेपणीच पोचवलं का मले?"

"मेल्या, तुह्या पणज्याचं नाव हाये ते."

"मंग माहं काय? माह्यासाठी रडशीन का नाही?"

"तुह्यासाठी तुही बायको रडन. लय हौस हाये तिले."

तो हसला. तूही हसलीस. पण फोन ठेवल्यावर तू मला विचारलंस, "बाई, ते फोनातून काढता नाही येत का आता?" मी म्हटलं, "शंभर लोकांकडे गेलं. आता ब्रह्मदेवाला येत नाही काढता." आणि मला वाटलं, काय अडाणीपणा!

पाच महिन्यांनी पांढरकवड्याच्या अलीकडे त्याचा ट्रक उलटला. कापसाच्या गाठी होत्या. तो त्यांच्याखाली सापडून गेला.

त्या पाच महिन्यांत तुझी काय चंगळ चालली होती! कुठे पूल पडला, लालीबाईला बोलवा. कुठे जवानाची पेटी आली, लालीबाई. तुला गाडीत घालून न्यायचे, रडवायचे आणि परत आणून टाकायचे. नागपूरला एका जवानाच्या आईच्या गळ्यात तू पडलीस, दोघी रडलात, आणि मग एक जण म्हणाला, "सॉरी, कॅमेरा चालू नव्हता, परत एकदा." तू परत एकदा केलंस.

मी विचारलं, "काहून केलंस?"

"सायबानं म्हटलं. दुसऱ्या खेपेले त्या मायच्या डोळ्यात पाणी नव्हतं. माह्याबी नव्हतं. पण सायबाले तेच लय आवडलं."

बादलच्या तिसऱ्या दिवशी आपण दोघी नेरला उतरलो, तिथून ऑटोने तांड्यावर गेलो. अंगणात बाया बसलेल्या. तुला पाहून त्यांनी वाट दिली. तू माणीबाईपुढे जाऊन दोन्ही हात पुढे केलेस. ती उठली. मला वाटलं, आता पडेल गळ्यात. तिने पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला आणि तशीच उभी राहिली.

"माहं पोरगं जितं होतं तवाच तू त्याच्यासाठी रडून मोकळी झाली. विमानात बसून गेलती रडायले. आता कायले आली? कॅमेरा आणला का संग?"

"ताई, ते आपल्या म्हाताऱ्याचं…" तू चाचरलीस. रडण्याबाहेर ते नाव तुझ्या तोंडून निघेना. सासरचा वडीलधारा! पोराचा जीव गेलेला, दोष तुझ्यावर येऊन बसलेला, आणि ही रीत पाळत उभी. "माय म्हणत होती तेच म्हटलं मी."

"माही माय? मायनं माह्यासमोर असं कधीच नाही म्हटलं. आजा मेला तवा तू या घरात होती का? दोन सालानं आली तू. तुले कोणी सांगतलं?"

माणीबाई खोटं बोलत नव्हती. आजा गेला तेव्हा ती याच बादलची बाळंतीण होती, माहेरी आलीच नाही. पुढे ती आली ती त्या नावाचं बाळ मांडीवर घेऊन. जिवंत नातवासमोर कोणती आजी मयताच्या ओळीत ते नाव घेईल? तुझी सासू ती ओळ लेकीसमोर कायमची गिळून राहिली, आणि लेक सासरी परत गेली की सुनेच्या गळ्यात पडून म्हणायची. म्हणजे जगात ती ओळ म्हणणाऱ्या दोघीच. एक मेलेली, दुसरी तू.

"त्यात बैल हायेत, ताई," तू म्हणालीस. "पोराजवळ बैल कुठी होते?"

"ट्रक म्हणजे बैलच ना. कोणत्या वाटेनं गेला तेबी इचारलं तू. ह्याच वाटेनं गेला पाय."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "माणीबाई, गाण्याने ट्रक उलटत नाही. ड्रायव्हरला झोप लागली की उलटतो."

नुकत्याच मेलेल्या मुलाच्या आईला मी हे म्हटलं. बोलणं शंभर टक्के खरं होतं. माणीबाईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मास्तरीणबाई, तुमच्या घरी कोणी मेलं की सांगजा. आमी नाचायले येऊ."

बाया हसल्या. मयताच्या अंगणात, तिसऱ्या दिवशी, दहा-बारा बाया खळखळून हसल्या. तू हात पुढे करून तशीच उभी होतीस. एकही पुढे आली नाही. मग तू हात खाली घेतलेस, एक एक करून, जशी जड बादली ठेवावी.

तुमच्या तांड्याचा नायक भावसिंग सभ्य माणूस. त्याने तुला ओरडून काही सांगितलं नाही. "रहा इथं, घर तुहंच हाये," म्हणाला. "फकत कोणाच्या मयतीले येऊ नको. बाया भेतात." तांड्यातल्या भिवसनच्या घरच्या दुःखात तुला उंबऱ्याबाहेर ठेवलं. तुझ्या सख्ख्या चुलत जावेच्या मयतीला तू रस्त्यावर उभी होतीस. त्यानंतर तू यवतमाळला संगीताकडे, लेकीकडे, येऊन राहिलीस. तिच्या शिवणाच्या दुकानात काजं करत बसायचीस.

सरकारने अजून दोनदा बोलावलं. पण तू नाव घेईनास. नाव टाळून रडायला गेलीस की सूर मधेच बसायचा. साहेब मला फोनवर म्हणाले, "मॅडम, बाईंच्या आवाजात आता ते राहिलं नाही." पुढच्या राष्ट्रीय दुखवट्याला त्यांनी वीस वर्षांची एक पोर उभी केली, फेटिया-कांचळी घालून. मागून तुझंच जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि ती ओठ हलवत होती. आपण ते संगीताच्या टीव्हीवर पाहिलं. तू काजं करता करता म्हणालीस, "पोरगी चांगली हाये. हात तेवढा उलट्या खांद्यावर ठेवते."

मग ती ओळ आली. बैल तहानलेले. बादल. तू सुई खाली ठेवलीस.

"हे ताईच्या घरी बी लागलं असन," म्हणालीस.

तंबाखू-सुपारीचा खर्रा मी तुला सोडायला सांगून थकले होते. तोंडात चट्टा, मग गाठ. नागपूरच्या डॉक्टरांनी जीभ आणि अर्धा जबडा काढायचा ठरवला. तारीख गुरुवारची मिळाली. त्याआधीच्या शनिवारी तू माझ्याकडे आलीस. एका गालाने बोलत होतीस.

"बाई, तुमी तो टेप आणत होत्या ना कॉलेजातून? माहं लग्न होऊन चार-पाच सालं झालती तवा?"

एक्याण्णव साल. लोकगीतांच्या कामासाठी मी तुमच्या अंगणात आठवडाभर टेप लावून बसले होते, आणि मीच ते विसरले होते.

"त्याच्यात मायचं रडणं हाये. आज्याचं. मी बी हाये मागून. ते ताईले ऐकवा. माह्यावर भरोसा नाही ठेवणार ती. पण माय खोटं बोलन का?"

"मग काय होईल?"

"मंग येईन ती. एक डाव गळ्यात पडू द्या तिच्या. गुरुवारानंतर माह्या तोंडात जीभ नाही राहणार, रडू कशी? अन् पोराचं नाव ओळीत घेऊन रडायचं राहिलं माहं. मामी हाये मी त्याची."

मी म्हटलं, "सोमवारी जाते."

सोमवारी मी कॅसेट शोधली. सापडली. नौशादने जुना टेप दुरुस्त करून आणून दिला, लावूनही पाहिला. तुझी सासू खणखणीत. मधेच रामधन जेवण मागतो. मागून तुझा आवाज, तेवीस वर्षांचा, ओळ उचलतो. बादल हे नाव स्वच्छ, दोनदा. त्यात संशयाला जागा नव्हती. नेर म्हणजे एसटीने तासाभराची वाट, पुढे ऑटो.

मी गेले नाही.

कारण विचारशील तर सांगते, तुझ्याशी खोटं आता कशाला? मला तो हशा आठवला. मी सत्तर पार केलेली बाई, तीन विषयांत एम.ए., आणि टेप काखोटीला मारून त्या अंगणात उभी राहणार. गाण्याने ट्रक उलटत नाही हे सिद्ध करायला दुसरं गाणं वाजवून दाखवणार! माझ्या जिवावर आलं. सोमवार गेला. मंगळवारी म्हटलं ऊन फार आहे. बुधवारी सकाळी साडी नेसून, पिशवी भरून बसले, आणि माणीबाईचा कमरेला खोचलेला पदर डोळ्यांसमोर आला. पिशवी खुंटीला लावली.

बुधवारी दुपारी तुझा फोन आला. "गेलत्या का, बाई?"

"गेले होते," मी म्हटलं. "माणीबाई घरी नव्हती."

"वावरात असन. सांजले येते ती. सुनेजवळ सांगून आल्या ना?"

"सांगितलं."

"मंग येईन," म्हणालीस. "मी रातभर जागीच हावो. संगीताले सांगून ठेवलं, दार लावू नको."

त्यानंतर तू अकरा आठवडे जगलीस. तोंडाला पट्टी, नाकात नळी. मी दर रविवारी यायची. लिहिता येत नसल्याने तू हातांनी बोलायचीस, आणि संगीता तिथे बसून असायची तरी तू माझ्याशीच बोलायचीस. शेवटच्या रविवारी तू दोन्ही हात उचलून हवेतच कोणाच्या तरी गळ्यात टाकलेस. मग बोटाने खिडकीबाहेर दाखवलंस. खिडकी नेरच्या बाजूला नव्हती, दारव्ह्याच्या बाजूला होती; पण मला कळलं.

संगीताने आईकडे बघत विचारलं, "काय म्हणते, बाई, याडी?"

"काही नाही," मी म्हटलं. "पाणी मागते." आणि तुला म्हटलं, "जाते. या आठवड्यात नक्की."

तू मान हलवलीस. संगीताने चहा केला. मी तो घेतला, आणि घरी आले. माणीबाईकडे मी गेले नाही.